भाताच्या मुलखातली ‘ग्लास स्किन’

प्रस्तावना

कोरियातलं सौंदर्य भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत आधी मोबाइलमधून आलं. क्रीमच्या बाटल्या त्यामागून आल्या. २०१४ मध्ये ‘बी६१२’ नावाचं सेल्फी काढायचं ॲप निघालं. ते काढणारी ‘लाइन’ ही कंपनी कोरियातल्या ‘नेव्हर’च्या घरातली. दोन वर्षांनी जिओचं स्वस्त नेट आलं, हातोहाती कॅमेऱ्याचे फोन आले आणि असली ॲपं गावोगावच्या मुलामुलींच्या फोनमध्ये जाऊन बसली. ॲप उघडलं की चेहरा आपोआप उजळायचा, पुटकुळ्या आणि डाग नाहीसे व्हायचे, हनुवटी निमुळती आणि डोळे मोठे व्हायचे. नसरापूरच्या किंवा पानशेतच्या शाळकरी मुलीला हे रूप कुठून आलंय हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तिने एवढंच पाहिलं, की फोनमधला चेहरा आपलाच आहे आणि तो आपल्यापेक्षा बरा आहे.

हे पुस्तक त्या दोन चेहऱ्यांमधल्या अंतराविषयी आहे. कोरियन प्रसाधनं, त्यांतले घटक, त्यांचा बाजार, त्वचेचे आजार आणि उपचार यांची माहिती पुढच्या प्रकरणांत सविस्तर येईल. प्रस्तावनेत मला एकच गोष्ट नीट सांगायची आहे. आपल्याकडे मुलीचा रंग आजवर नशिबाच्या खात्यावर टाकला जायचा. ‘रंग देवाने दिला, काय करणार’ असं म्हणून घरचे हळहळायचे. त्या हळहळीत अपमान होताच, पण दोष मुलीचा नव्हता. कोरियातून आलेल्या सौंदर्यकल्पनेने हा हिशेब बदलला. तिचं म्हणणं असं, की नितळ, चमकदार, एकही छिद्र न दिसणारी त्वचा कुणालाही मिळवता येते. फक्त रोज सकाळ-संध्याकाळ नेमाने मेहनत घ्यावी लागते. ऐकायला हे न्याय्य वाटतं. पण मग ज्या मुलीची त्वचा तशी झाली नाही तिने मेहनत घेतली नाही, तिला स्वतःची कदर नाही, असाही अर्थ निघतो. पूर्वी जे दुर्दैव होतं ते आता कसूर झालं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या मनावर यातलं कुठलं ओझं जास्त, असं मला विचारलं तर मी हे दुसरं म्हणेन.

आणि हे ओझं भोर-वेल्ह्यात अधिक जड का होतं, ते समजायला हा मुलूख डोळ्यांसमोर आणावा लागतो.

पुण्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवरचे हे दोन तालुके. भोर म्हणजे नीरेकाठचं जुन्या पंतसचिवांच्या संस्थानाचं गाव, भाटघरचं धरण, रोहिडा आणि रायरेश्वर. वेल्हे म्हणजे राजगड आणि तोरणा, गुंजवणी आणि कानंदीची खोरी. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय घेतला. लोकांच्या तोंडी मात्र वेल्हंच आहे, म्हणून मीही तेच लिहितो आहे. इथलं मुख्य पीक भात. आंबेमोहोर इथला जुना, आणि इंद्रायणी त्याच्याच वंशातली: मावळातल्या वडगावच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून ती काढली आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती दिली. वरच्या उतारांवर नाचणी आणि वरई.

भाताचं सगळं काम कातडीवर उमटतं. उन्हाळ्यात राब भाजायचा तेव्हा धूर आणि झळ. आषाढात चिखलणी झाली की लावणी. पाठीवर प्लॅस्टिकची खोळ, पूर्वी इरलं असायचं, आणि दिवसभर कमरेत वाकून गुडघाभर चिखलात पाय. पावसाने उघडीप दिली की खाचरातल्या पाण्यावरून ऊन थेट तोंडावर येतं. मान खाली असली तरी चेहरा सुटत नाही. आठवडाभरात पायांच्या बोटांमध्ये चिखल्या होतात, त्यांची आग रात्री झोपू देत नाही. पुढे दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग झोडणी, आणि कुसळांनी अंगभर खाज. टाचांच्या भेगा वर्षभराच्या. गालांवर वांग, विशेषतः बाळंतपणानंतरचा, कारण वांग ऊन आणि शरीरातली संप्रेरकं मिळून आणतात. ही कातडी कामाची आहे. तिच्यावर दर हंगाम काही लिहून जातो. अशा ठिकाणी ‘ग्लास स्किन’ हा शब्द येतो तेव्हा तो कुणाच्या चेहऱ्याला उद्देशून आहे, हा प्रश्न पुसून टाकता येत नाही.

‘ग्लास स्किन’ म्हणजे काचेसारखी पारदर्शक वाटणारी, आतून ओलसर चमकणारी त्वचा. हा शब्द जगभर पसरला साधारण २०१७ पासून. त्याआधीच दहा पायऱ्यांचा नेम लोकप्रिय झाला होता. कोरियन-अमेरिकन उद्योजिका शार्लट चो यांचं ‘सोको ग्लॅम’ हे दुकान आणि २०१५ मधलं त्यांचं पुस्तक यांचा त्यात मोठा वाटा. आधी तेलाने चेहरा पुसायचा, मग फेसाने धुवायचा, मग टोनर, एसेन्स, सीरम, मास्क, डोळ्यांभोवतीचं क्रीम, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, असा साधारण क्रम. पहाटे उठून पाणी, झाडलोट, धारा, भाकऱ्या आणि मग शेत किंवा शिरवळच्या कंपनीतली पाळी, अशा दिवसात हा क्रम बसत नाही. पण रील पाहणाऱ्या मुलीला तो बसवता न येणं आपलीच त्रुटी वाटते. आईच्या दिवसाकडे पाहून तिला वाटतं, आईने स्वतःकडे लक्षच दिलं नाही. हा निष्कर्ष मला फार दुखावतो. त्या आईने सगळ्या घराकडे लक्ष दिलेलं असतं, आणि त्याची निशाणी तिच्या चेहऱ्यावरच्या वांगात असते.

आता यातला एक योग पाहा. कोरियन प्रसाधनांमधला आज सर्वांत गाजलेला घटक कुठला, तर तांदूळ. तांदळाचं टोनर, तांदळाचा मास्क, तांदळाचं सनस्क्रीन. कोरियात तांदूळ धुतलेल्या पाण्याने तोंड धुण्याची जुनी रीत आहे. मूग भरडून केलेली पूडही साबणासारखी वापरत. १८०९ मध्ये यी बिंगहोगाक या विदुषीने घरसंसाराच्या ज्ञानाचा ‘ग्यूहाप चोंगसो’ हा मोठा ग्रंथ लिहिला, त्याचं नाव आज कोरियन कंपन्या अभिमानाने घेतात. आपल्या आज्या डाळीचं पीठ आणि हळद घेऊन हेच करत होत्या, आणि इथल्या घरातलं तांदळाचं धुवण गोठ्यातल्या म्हशीला किंवा परसातल्या झाडाला जात आलं आहे. कोरियन तांदूळ आखूड आणि शिजल्यावर चिकट. आपली इंद्रायणीही मऊ आणि चिकट होते. म्हणजे ज्या मुलखात हा तांदूळ पिकतो, जिथल्या बाया तो चिखलात उभ्या राहून लावतात, तिथेच त्याचा अर्क कोरियाचं नाव लावून, शंभर-दीडशे रुपयांच्या ओल्या कागदी मुखवट्यात परत येतो. आता तर कित्येक भारतीय कंपन्याही आपल्या मालावर ‘कोरियन’ हा शब्द ठळक छापतात.

दुसरा घटक ‘सिका’. ही वनस्पती आपली मंडूकपर्णी, कोकणात जिला कारिवणा म्हणतात. सह्याद्रीच्या पायथ्याला ओलसर बांधांवर ती आपसूक पसरते. मादागास्करमध्ये फ्रेंच संशोधकांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिच्यातला जखम भरून आणणारा अंश वेगळा केला. त्यापासून ‘मादेकासोल’ हे मलम झालं आणि ते कोरियातल्या घराघरांत पोचलं. तिथून ते सौंदर्याच्या क्रीममध्ये गेलं. हे सांगताना ‘आमच्याकडे सगळं होतंच’ अशी छाती फुगवण्याचा माझा हेतू नाही. वनस्पती आपल्या बांधावर होती हे खरं, पण तिचा अंश मोजून, शुद्ध करून, त्वचेवर काय होतं ते तपासण्याचं काम दुसऱ्यांनी केलं. त्या कष्टाचं श्रेय त्यांना द्यायला हवं. फक्त इथल्या मुलीला एवढं कळावं, की तिच्या घरात, तिच्या शेतात जे आहे ते हलकं नाही. आणि हेही कळावं, की तांदळाचं पाणी त्वचेला थोडा थंडावा आणि मऊपणा देतं. ते कुणाला गोरं करत नाही.

गोरेपणाचा विषय निघालाच आहे, तर तिथे जरा थांबायला हवं, कारण खरी मेख तिथे आहे.

कोरियन सौंदर्यकल्पना आपल्याकडे कोऱ्या पाटीवर आली नाही. स्थळाच्या माहितीपत्रकात ‘गोरी’, ‘निमगोरी’, ‘गव्हाळ’, ‘नाकीडोळी नीटस’ हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या लिहिले जात आले. पोटुशी बाईला केशर घातलेलं दूध द्यायचं, बाळाचा रंग उजळावा म्हणून. तान्ह्या मुलीला पिठाच्या गोळ्याने चोळायचं, त्याच कारणाने. मुलगी लावणीला जायला लागली की शेजारीण म्हणणार, ‘उन्हात रापली गं पोर, लग्नाचं बघायचंय ना.’ हिंदुस्थान लिव्हरने १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणली ती या तयार जमिनीवर. पुढच्या चार दशकांत तिची छोटी पुडी किराणा दुकानांत बिस्किटांशेजारी लटकली. जाहिरातीतली गोष्ट एकच: सावळी मुलगी नाकारली जाते, क्रीम लावते, उजळते, नोकरी किंवा नवरा मिळतो. २०२० मध्ये, जगभर वर्णभेदावर वादळ उठल्यावर, कंपनीने नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ केलं. मुलगेही सुटले नाहीत. ‘फेअर अँड हँडसम’ २००५ मध्ये आलं, आणि पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं आज फोनवर फिल्टर लावूनच फोटो टाकतात.

‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आलं त्याच सुमाराला कोरियन चमक आली. त्यामुळे इथल्या बहुतेकांनी ती चमक जुन्याच अर्थाने घेतली. दुकानात येणारी मुलगी ‘ग्लो’ मागते, तिच्या सोबतची काकू विचारते, ‘गोरी होईल का याने?’ या घोटाळ्याचा सगळा दोष आपल्या माथी मारण्याचंही कारण नाही. कोरियातही शेतात राबणाऱ्यांची रापलेली कातडी आणि घरात बसणाऱ्या उच्चकुलीनांची पांढरी कातडी असा भेद जुना आहे. तिथल्या प्रसाधन कायद्यात २००० पासून ‘विशेष कार्य करणारी’ प्रसाधनं असा वेगळा वर्ग आहे, आणि त्यात सुरकुत्या कमी करणारी, उन्हापासून वाचवणारी यांच्याबरोबर त्वचा उजळ करणारी प्रसाधनंही सरकारमान्य आहेत. म्हणजे दोन भातखाऊ, शेतकरी समाजांचे जुने पूर्वग्रह इथे एकमेकांना भेटले आणि त्यांना परस्परांची भाषा चटकन समजली.

रंगाबद्दल विज्ञान काय सांगतं ते साधं आहे. त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या माणसात जवळपास सारख्याच संख्येने असतात. फरक असतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचं मेलॅनिन तयार करतात यात. जिथे वर्षातला मोठा काळ ऊन डोक्यावर असतं, तिथे जास्त मेलॅनिन हे संरक्षण आहे. भोर-वेल्ह्याच्या माणसाची सावळी कातडी ही या अक्षांशावर हजारो वर्षं जगून मिळवलेली गोष्ट आहे. ती घालवायला निघणं म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर छपरावरची कौलं उतरवण्यासारखं आहे.

आणि आपल्याकडे दुसरी परंपराही होती, हे मला आग्रहाने सांगावंसं वाटतं. ज्याच्यासाठी दर आषाढात लाखो लोक चालत पंढरपूरला जातात, तो विठ्ठल सावळा आहे आणि त्याचं सावळेपण हाच त्याच्या रूपाच्या वर्णनाचा गाभा आहे. १९५५ मध्ये पुण्यात जन्मलेली स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायची, तेव्हा लोक त्या सावळ्या, पाणीदार चेहऱ्यासाठी थांबायचे. ‘जैत रे जैत’ (१९७७) आणि ‘उंबरठा’ (१९८२) या चित्रपटांनी तो चेहरा घराघरांत नेला. एकतिसाव्या वर्षी ती गेली, पण मराठी माणसाला सुंदर चेहरा आठवायला सांगा, तो आजही आठवेल. विकोचंही उदाहरण घ्या. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या या मराठी उद्योगाने पुढे हळदीचं क्रीम आणलं, आणि त्यामागे लग्नातल्या हळदीची आणि दिवाळीच्या उटण्याची आठवण होती. म्हणजे अंगाची निगा राखणं आपल्याला नवीन नाही. वर्षातून एकदा अभ्यंगाला घरातल्या सगळ्यांना, गड्याला आणि म्हातारीलाही उटणं लावायचं, यात कुणी कुणापेक्षा उजळ दिसावं असा हिशेब नव्हता.

कोरियाचा स्वतःचा प्रवासही समजून घेण्याजोगा आहे. ‘अमोरेपॅसिफिक’ ही आज जगभर पसरलेली कंपनी. तिचं मूळ केसोंग गावात यून दोक-जोंग या बाईने विकलेल्या केसांच्या तेलात आहे. मुलाने १९४५ मध्ये कंपनी काढली, आणि १९६४ पासून विक्रेत्या बायका पेटी घेऊन दारोदार जाऊ लागल्या. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशात त्यातून अनेकींचे संसार उभे राहिले. बचत गटाचं उटणं दिवाळीत घरोघर विकणाऱ्या बाईला हे लगेच समजेल. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर सरकारने मालिका, संगीत, चित्रपट यांना बळ दिलं. बीटीएस हा गायकांचा गट २०१३ मध्ये आला. आणि २०२४ मध्ये कोरियाची प्रसाधनांची निर्यात दहा अब्ज डॉलरच्या पुढे गेली. चेहरे आधी पडद्यावर दिसले, मग ते चेहरे घडवणारी बाटली विकली गेली.

पण त्या देशातल्या बायकांनी याची काय किंमत मोजली, ते रीलमध्ये येत नाही. नोकरीच्या अर्जावर फोटो लावणं तिथे वर्षानुवर्षं रीतच होती. २०१७ मध्ये सरकारने सार्वजनिक संस्थांपुरती ती बंद केली. पापणीला घडी पाडून डोळे मोठे दिसण्याची शस्त्रक्रिया तिथे इतकी रुळली आहे, की आपल्या बारावीसारख्या परीक्षेनंतर आईबाप मुलीला ती भेट म्हणून देतात. आणि म्हणूनच २०१८ मध्ये तिथल्या तरुणींनी बंड केलं. केस कापले, लिपस्टिक आणि पावडरचे डबे फोडून त्यांचे फोटो टाकले. त्या चळवळीचं नाव होतं ‘कॉर्सेट फेकून द्या’. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इम ह्योन-जू या वृत्तनिवेदिकेने चष्मा लावून बातम्या दिल्या, तर देशभर चर्चा झाली, कारण तोवर मोठ्या वाहिनीवर बाई चष्म्यात दिसतच नव्हती. साडीच्या आत जीन्स घालून बातम्या द्यायला बसणाऱ्या स्मिता पाटीलची आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही. आपल्या मुलींना कोरिया आवडत असेल तर ह्या कोरियन मुलीही त्यांना माहीत व्हायला हव्यात.

या ओढीला हसू नये. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्यातल्या तीन शाळकरी मुली पुण्याच्या एसटीत बसून निघाल्या. पुण्यात कामं करून पैसे जमवायचे आणि कोरियाला जाऊन बीटीएसला भेटायचं, असा त्यांचा बेत होता. घरच्यांना चकवण्यासाठी त्यांनी अपहरणाचा बनावही केला. वाटेत मोहोळला त्या सापडल्या आणि सुखरूप घरी गेल्या. त्यांतली सर्वांत लहान अकरा वर्षांची होती. तेव्हा बऱ्याच जणांनी ही बातमी गंमत म्हणून सांगितली. मला तिच्यात वेगळं दिसतं. त्या मुलींना असं एक जग सापडलं होतं जिथे मुलगे प्रेमळ बोलतात, स्वतःवर प्रेम करा असं गाण्यांतून सांगतात. घरात, शाळेत, रस्त्यावर त्यांना हे कोण सांगत होतं? भोर-वेल्ह्यातही शनिवारी-रविवारी दुपारी फोनमध्ये डोकं घालून बसलेली मुलगी कदाचित हेच शोधत असते. तिच्या हातून फोन हिसकावून तिचा शोध थांबणार नाही.

आता धोक्याचं. कोरियन मालाची खरी बाटली महाग; लावणीच्या मजुरीत तर फारच महाग. म्हणून तिची स्वस्त नक्कल येते, आणि तिच्याही खाली नाव-गाव नसलेली डबी येते. अकोल्यात एका तरुण विद्यार्थिनीच्या, तिच्या आईच्या आणि बहिणीच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची बातमी २०२३ मध्ये आली. तिघी एकच गोरं करणारं क्रीम वापरत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा त्या क्रीममध्ये पारा सापडला. पारा मेलॅनिन बनू देत नाही, म्हणून चेहरा काही आठवडे उजळतो. तो त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. आपल्या २०२० च्या प्रसाधन नियमांनी प्रसाधनात पारा मिसळायला बंदी केली आहे. चुकून राहिलेल्या अंशालाही दहा लाख भागांत एक भाग एवढीच मुभा आहे, आणि डोळ्यांच्या प्रसाधनांसाठी वेगळी मर्यादा. हे नियम डबीवर नावच नसेल तर कामाला येत नाहीत.

दुसरा धोका त्याहून घरगुती. पावसाळ्यात या भागात गजकर्ण सर्रास होतं. त्यावर औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या मिश्र मलमात बहुधा तीव्र स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, गजकर्ण मात्र आत पसरत राहतं. तेच मलम कुणीतरी ‘चेहऱ्याला लाव, उजळशील’ म्हणून सुचवतं. थोडे दिवस चेहरा उजळतो. मग त्वचा पातळ होते, लाल होते, मुरुम उठतात, केस वाढतात, आणि मलम सोडलं की आग होते म्हणून ते सोडवत नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं ओरड केल्यावर २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टिरॉइडं चिठ्ठीच्या औषधांच्या यादीत टाकली. तरी ती मिळतात.

मग कोरियाकडून काही घ्यायचंच नाही का? घ्यायला पुष्कळ आहे. चेहऱ्याला खरबरीत साबणाने घासू नये, त्वचेची ओल राखावी, परिणामासाठी आठवड्यांची वाट पाहावी, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे उन्हापासून जपावं, ही शिकवण कोरियन सौंदर्यविचाराने जगाला दिली, आणि ती मोलाची आहे. सनस्क्रीनचा विचार इथे शेतावर जाणाऱ्या बाईसाठी करायला हवा. ते गोरं होण्यासाठी लावायचं नाही. वांग वाढू नये, कातडी भाजू नये म्हणून लावायचं. एसपीएफ ३० किंवा अधिक असलं, देशी कंपनीचं असलं तरी चालतं. वांगासाठी थोडा रंग असलेलं अधिक बरं, कारण त्यातला लोहाचा अंश दिसणाऱ्या उजेडापासूनही वाचवतो. डोक्यावर पदर आणि त्यावर रुंद काठाची टोपी तर फुकटात पडते. पण चेहऱ्यावर थांबू नका. संध्याकाळी पाय धुऊन बोटांच्या मधली जागा कोरडी करणं, टाचांना खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळणं, हीसुद्धा त्वचेची निगाच आहे. पायांच्या कातडीवर रील निघत नाही, मात्र लावणीच्या दिवसांत बाईला सर्वांत जास्त त्रास तीच देते.

कोरियन कंपन्यांच्या छटांबद्दलही एक गोष्ट मुलींना सांगा. त्यांच्या फाउंडेशनच्या डब्या वर्षानुवर्षं १३, २१, २३ अशा मोजक्या फिकट क्रमांकांत यायच्या. सावळ्या माणसासाठी त्यांत काहीच नसायचं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डार्सी नावाच्या कृष्णवर्णीय तरुणीने ‘तिरतिर’ या कंपनीच्या छटा स्वतःच्या चेहऱ्यावर लावून दाखवल्या आणि त्या पुरत नाहीत हे उघड केलं. कंपनीने छटांची संख्या वाढवत तिसापर्यंत नेली. गिऱ्हाइकाने आपला रंग न लपवता मागणी केली, म्हणून बाजार हलला.

हे पुस्तक तीन प्रकारच्या वाचकांच्या हाती पडावं अशी माझी इच्छा आहे. शिक्षकांना माझी विनंती, की आठवी ते दहावीच्या वर्गात एकदा तरी फोनचा कॅमेरा फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय दाखवा, आणि फिल्टरने नेमकं काय काय बदललं ते मुलांनाच ओळखायला लावा. मुलींनो, तुम्ही क्रीम लावा, मास्क लावा, हौस करा. पण ज्या डबीवर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, घटक आणि मुदत छापलेली नाही ती चेहऱ्याला लावू नका, आणि गजकर्णाचं मलम तर कधीच नाही. चेहऱ्यावर आग, लाली किंवा अंगावर सूज दिसली तर भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा, आणि जाताना ती डबी बरोबर न्या. डॉक्टरांना तिची गरज पडते.

आणि आईबापांनो, आत्यांनो, काकूंनो: या वर्षी लावणीहून घरी आलेल्या मुलीला ‘रापलीस’ म्हणू नका. तिला आधी पाय धुवायला गरम पाणी द्या.